फ्रान्झ शूबर्ट : एकतीस वर्षांचे आयुष्य, सहाशे गीते

ऑस्ट्रिया देशाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबेर्ग नावाचा एक डोंगराळ प्रांत आहे. त्या प्रांतातील होहेनेम्स या गावी १९७६ साली हेर्मान प्राय या जर्मन गायकाने एक संगीत महोत्सव सुरू केला. ‘शूबर्टियाडे’ असे त्याचे नाव. पुढे हा महोत्सव होहेनेम्स आणि श्वार्त्सेनबेर्ग अशा दोन गावी भरू लागला. तेथील गीतांच्या मैफलीत ना नेपथ्य असते, ना वेषभूषा, ना शेकडो वाद्यांचा मेळ. एक गायक किंवा गायिका उभी राहते, शेजारी पियानोवर एकजण बसतो आणि त्या दोघांच्या बळावर कविता गायिल्या जातात. जगभर नाव झालेल्या गायकांच्या बरोबरीने नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण गायकही तेथे गातात आणि लोक लांबून ऐकायला येतात.

हे नाव मात्र कोणा समितीने शोधून काढलेले नाही. ते दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. व्हिएन्ना शहरात काही तरुण मित्र रात्रीच्या वेळी कोणाच्या तरी घरी जमत आणि आपल्यातल्याच एका बुटक्या, चष्मेवाल्या मुलाची गाणी ऐकत. त्या बैठकांना त्यांनी गमतीने त्याचेच नाव दिले होते. तो मुलगा म्हणजे फ्रान्झ शूबर्ट. त्याच्या आयुष्याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

शूबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ रोजी व्हिएन्नाच्या एका उपनगरात झाला. वडील शाळामास्तर होते. ते मोराव्हियातील शेतकरी कुटुंबातून शहरात आलेले. आई एलिझाबेथ ही सायलेशियातून आलेली, लग्नापूर्वी लोकांच्या घरी काम करणारी. म्हणजे खेडे सोडून शहरात पाय रोवणारी ही पहिलीच पिढी. शाळा राहत्या घरातच भरे. चौदा मुले झाली, त्यातली पाच जगली. वडिलांनी फ्रान्झला व्हायोलिन शिकविले, थोरला भाऊ इग्नाझ याने पियानो. थोड्याच दिवसांत दोघांच्याही ध्यानात आले की, याला शिकविण्यासारखे आपल्यापाशी आता फारसे उरलेले नाही. मग त्याला जवळच्या लिख्टेनताल येथील चर्चमधल्या संगीतशिक्षकाकडे धाडण्यात आले.

१८०८ साली, म्हणजे अकराव्या वर्षी, त्याची बादशाही दरबाराच्या चर्चमध्ये गाणारा मुलगा म्हणून निवड झाली. आवाजाची परीक्षा घेणाऱ्यांत दरबारचा संगीतप्रमुख सालिएरी होता. निवडीबरोबर वसतिगृहात राहणे, जेवणे आणि शिक्षण फुकट. गरीब मास्तराच्या मुलाला एरवी त्या शाळेचा उंबरठाही ओलांडता आला नसता. तेथे विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद होता आणि रोज संध्याकाळी हायडन, मोत्झार्ट यांच्या रचना वाजविल्या जात. शूबर्ट त्यात व्हायोलिन वाजवू लागला. वसतिगृहाचे जेवण मात्र बेताचेच. पंधराव्या वर्षी त्याने भावाला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. दुपारचे निकृष्ट जेवण आणि रात्रीचे तुटपुंजे जेवण यांच्यामध्ये फार वेळ जातो, तेव्हा पाव किंवा सफरचंद घेण्यापुरते थोडे पैसे दर महिन्याला पाठवावेत, अशी विनंती त्याने त्यात केली आहे. वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणींना या पत्राचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही.

याच शाळेत त्याला योझेफ फॉन श्पाउन भेटला. तो आठ-नऊ वर्षांनी मोठा. या मुलाला गाणी सुचतात, पण ती लिहायला रेघांचा कागद विकत घेण्याची ऐपत नाही, हे श्पाउनच्या लक्षात आले आणि त्याने कागद पुरवायला सुरुवात केली. शूबर्टच्या चरित्रात राजे, सरदार आणि मोठमोठे प्रकाशकही येऊन जातात. पण माझ्या मते त्याच्यावर खरे उपकार कोणाचे असतील तर या कागद देणाऱ्या विद्यार्थ्याचे.

१८१२ साली आई वारली. त्याच वर्षी आवाज फुटला आणि दरबारच्या चर्चमधले गाणे संपले. गणितात सुधारणा केली तर शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्याची शक्यता होती. त्याने ती नाकारली, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १८१४ साली वडिलांच्याच शाळेत अगदी लहान मुलांना अक्षरओळख शिकवू लागला. वडिलांना वाटले, मुलगा मार्गी लागला. या कामात त्याचे मन रमले नाही, हे मित्रांच्या आठवणींवरून दिसते. परंतु सालिएरीकडे जाऊन रचनाशास्त्र शिकणे चालूच होते.

आणि येथेच नवल घडले. १९ ऑक्टोबर १८१४ रोजी, सतराव्या वर्षी, त्याने गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातील ग्रेटखेनच्या गाण्याला चाल लावली. ग्रेटखेन ही साधी मुलगी चरख्याशी बसली आहे आणि मन मात्र गेलेल्या प्रियकराच्या मागे धावते आहे. शूबर्टने पियानोवादकाच्या उजव्या हाताला एकसारखी गरगरणारी सुरावट दिली, म्हणजे तो चरखा झाला. गाणे चढत जाते, तिला त्याच्या चुंबनाची आठवण होते आणि चरखा एकदम थांबतो. क्षणभर काहीच नाही. मग चाक अडखळत एकदा फिरते, पुन्हा फिरते आणि मग पहिल्यासारखे चालू होते. हाताखालचे काम आपण विसरलो होतो, हे त्या मुलीच्या ध्यानात आले, एवढेच. पण ते शब्दांत कोठेच नाही, फक्त पियानोत आहे! आपल्याकडील पेटी-तबल्याच्या साथीवरून या प्रकाराची कल्पना येणार नाही. येथे पियानो गायकाच्या मागे चालत नाही, तो कवितेतला न लिहिलेला भाग बोलतो. जर्मन भाषेत गाण्याला ‘लीड’ म्हणतात आणि लीड शूबर्टपूर्वीही होते. मोत्झार्टने लिहिले, बेथोव्हेनने लिहिले. तथापि कवी, गायक आणि पियानोवादक अशा तिघांचे सारख्या तोलामोलाचे हे जे काव्यगायन आहे, त्याचा आरंभ अनेक अभ्यासक या एका गाण्यापासून मोजतात.

पुढचे १८१५ हे वर्ष विलक्षणच म्हणावे लागेल. शाळा सांभाळून या अठरा वर्षांच्या मुलाने एका वर्षात सुमारे दीडशे गीते लिहिली. ‘एर्लक्योनिग’ त्यातलेच. एक बाप रात्रीच्या वाऱ्यातून आजारी मुलाला छातीशी धरून घोडा पिटाळतो आहे. मुलाला झाडीत एर्लक्योनिग म्हणजे पिशाचांचा राजा दिसतो, तो गोड बोलून त्याला बोलावतो, बाप मुलाची समजूत घालतो. कथन करणारा, बाप, मुलगा आणि पिशाच अशी चार पात्रे एकाच गायकाने उभी करावयाची आणि पियानोवर घोड्याच्या टापा अखंड चालू ठेवावयाच्या. वाजविणाऱ्याचा हात भरून येतो म्हणतात. शेवटी घर येते, टापा थांबतात आणि बापाच्या हातात मुलगा मेलेला असतो. हे गाणे आता मोबाईलवर कोणालाही ऐकता येते. जर्मनचे एक अक्षर येत नसले तरी चार पात्रे ओळखू येतात, हे मी स्वतः ऐकून सांगते.

१८१६ साली श्पाउनने गटेच्या कवितांवरील गीते सुवाच्य अक्षरात उतरवून काढविली आणि आदरपूर्वक पत्र जोडून खुद्द गटेकडे पाठविली. गीते परत आली. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी ‘एर्लक्योनिग’ लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या मोठ्या प्रकाशकांकडे गेले. त्यांना फ्रान्झ शूबर्ट या नावाचा एकच मनुष्य ठाऊक होता, तो ड्रेस्डेनचा एक वयस्क संगीतकार. त्यांनी हस्तलिखित त्याच्याकडे पाठवून दिले. आपल्या नावावर कोणीतरी हा भिकार माल खपवीत आहे, असे समजून तो गृहस्थ संतापला आणि त्याने प्रकाशकांना तसे कळविले. आज त्या ड्रेस्डेनच्या शूबर्टची आठवण प्रामुख्याने या रागावरूनच निघते.

लिख्टेनतालच्या चर्चमध्ये शूबर्टची पहिली मोठी धार्मिक रचना १८१४ साली गायिली गेली, तेव्हा तेरेझे ग्रोब नावाची मुलगी त्यात गायिली होती. तिच्याशी लग्न करावे असे त्याच्या मनात होते. ऑस्ट्रियात त्या काळी कुटुंब पोसण्याइतके उत्पन्न दाखविल्याखेरीज लग्नाची परवानगी मिळत नसे आणि साहाय्यक शिक्षकाजवळ तेवढे उत्पन्न कोठून असणार? १८१६ मध्ये त्याने लायबाख येथील संगीतशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. जागा दुसऱ्याला मिळाली. तेरेझेने पुढे एका बेकरीवाल्याशी लग्न केले.

१८१८ नंतर त्याने शाळेची नोकरी कायमची सोडली. चरित्रकार हे वाक्य एका ओळीत लिहून पुढे जातात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते. ज्या घरात पहिल्यानेच कोणी चार बुके शिकले आहे, त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचे मोल काय असते, हे आमच्यासारख्यांना पक्के माहीत आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मी उद्या मिळालेली मास्तरकी सोडून गाणी लिहिते म्हटले, तर आमच्याकडे काय होईल ते सांगायला नको. शूबर्टच्या वडिलांना खलनायक ठरविणारी पुस्तके आहेत. ते मला पटत नाही. मुलाने उपाशी राहू नये एवढेच त्या मास्तरांना हवे होते. आणि मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते. शाळेत दिवस गेला तर गाणी केव्हा लिहायची? दोघेही बरोबर होते, म्हणूनच हा प्रसंग अवघड आहे.

मग तो राहिला कोठे? मित्रांकडे. कधी फ्रान्झ फॉन शोबरच्या घरी, कधी मायरहोफर या कवीच्या खोलीत. हा मायरहोफर स्वातंत्र्याचा चाहता, पण पोटासाठी नोकरी सरकारच्या पुस्तक-तपासणी खात्यात! शूबर्ट सकाळी लवकर लिहायला बसे तो दुपारपर्यंत. मग कॉफीगृह, गप्पा, फिरणे. १८१८ आणि १८२४ अशा दोन उन्हाळ्यांत त्याने हंगेरीतील झेलिझ येथे काउंट एस्टरहाझी यांच्या मुलींना संगीत शिकविले. १८२० साली योहान झेन या मित्राच्या खोलीवर पोलिसांनी छापा घातला. मेटर्निखच्या राज्यात विद्यार्थ्यांचा घोळका म्हणजे संशयास्पदच. झेनला चौदा महिने तुरुंगात काढावे लागले आणि मग व्हिएन्नातून हद्दपार व्हावे लागले. शूबर्टला दम देऊन सोडण्यात आले. याच वर्षी त्याने कालिदासाच्या शाकुंतलावर एक संगीतनाटक लिहावयास घेतले होते. त्याचे दोन अंकांचे कच्चे आराखडे झाले आणि काम तसेच राहिले. ते पुरे झाले असते तर आपल्या संस्कृतच्या वर्गातही शूबर्टचे नाव ऐकू आले असते!

त्याचा गायक त्याला १८१७ मध्येच भेटला होता. योहान मिखाएल फोगल हा दरबारी नाट्यगृहातील नामांकित गायक, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठा, उंच, भारदस्त. शोबरने खटपट करून त्याला आणले. त्याने प्रथम चार-दोन गीते नुसती गुणगुणून पाहिली, फार उत्साह दाखविला नाही. पण काही दिवसांतच तो पुन्हा आला आणि मग येतच राहिला. शूबर्टची उंची पाच फुटांच्या थोडी वर. मित्र त्याला लाडाने अळंबी म्हणत. या दोघांना एकत्र पाहून लोकांना हसू येत असले पाहिजे. पण ७ मार्च १८२१ रोजी फोगलने व्हिएन्नाच्या मोठ्या नाट्यगृहात ‘एर्लक्योनिग’ गायिले आणि ते पुन्हा गावे लागले. प्रकाशक तरीही पैसे गुंतवीनात. तेव्हा मित्रांनी आपसांत वर्गणी काढून ते छापून घेतले. शूबर्टची पहिली प्रकाशित कृती म्हणून त्यावर क्रमांक पडला एक. लिहून झाल्यावर सहा वर्षांनी!

शूबर्टियाडेच्या बैठकी त्याच वर्षी सुरू झाल्या. कोणाच्या तरी दिवाणखान्यात मंडळी दाटीवाटीने बसत. शूबर्ट पियानोवर, फोगल गायला. मग खाणेपिणे, नाच. नाचाच्या वेळी शूबर्ट स्वतः नाचत नसे, इतरांसाठी वाजवीत बसे. या मित्रांपैकी मोरित्झ फॉन श्विंड हा चित्रकार होता. त्याने चाळीस वर्षांनी, १८६८ साली, आठवणीतून अशा एका रात्रीचे चित्र काढले. चित्रातले बरेचसे लोक तोपर्यंत वारले होते.

१८२२ च्या अखेरीस शूबर्टला गुप्तरोगाने गाठले. त्या काळी त्यावर खरा उपाय नव्हता, पाऱ्याचे उपचार होते ते रोगाइतकेच भयंकर. केस गेले, रुग्णालयात राहावे लागले. त्याच आजारपणाच्या १८२३ सालात त्याने विल्हेल्म म्युलर या कवीच्या कवितांवर ‘गिरणीवाल्याची सुंदर मुलगी’ ही वीस गीतांची माला लिहिली. आजाराच्या आरंभीच्याच सुमारास एक सिम्फनीही लिहिली गेली, तिचे दोनच भाग पुरे झाले. कारणांविषयी पुष्कळ तर्क करण्यात आले आहेत, ते येथे नकोत.

१८२६ मध्ये त्याने दरबारात उपसंगीतप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केला. तीही जागा दुसऱ्याला गेली. २६ मार्च १८२७ रोजी बेथोव्हेन वारला आणि त्याच्या अंत्ययात्रेत मशाल धरून चालणाऱ्यांत शूबर्ट होता. त्याच वर्षी त्याने म्युलरच्याच कवितांवर ‘हिवाळी प्रवास’ ही चोवीस गीतांची माला पुरी केली. म्युलरही त्याच वर्षी गेला. आपल्या कवितांचे काय झाले हे त्याला कळलेच नसावे.

‘हिवाळी प्रवासा’त कथा म्हणावी अशी नाहीच. प्रेमात झिडकारलेला एक तरुण रात्री बर्फातून गाव सोडून निघतो आणि चालत राहतो. शेवटच्या गाण्यात त्याला गावाबाहेर एक म्हातारा भेटतो. तो बर्फावर अनवाणी उभा राहून हाताने फिरवायचे वाद्य वाजवितो आहे, कोणी ऐकत नाही, पुढची थाळी रिकामी आहे. पियानोच्या डाव्या हातात दोनच सूर गाणे संपेपर्यंत वाजत राहतात. शूबर्टने ही माला मित्रांना स्वतः गाऊन दाखविली तेव्हा मंडळी गप्प झाली. शोबर म्हणाला की, त्याला एकच गाणे आवडले, लिंडेनच्या झाडाचे. आपल्याला मात्र ही सगळी गीते आवडतात आणि तुम्हालाही पुढे आवडतील, असे शूबर्टने शांतपणे सांगितल्याची आठवण श्पाउनने नोंदविली आहे. ज्यांनी कागद दिला, वर्गणी काढली, घरात जागा दिली, त्या माणसांनाही आपण कोठवर आलो आहोत हे कळेनासे व्हावे! त्याच्या गरिबीपेक्षा ही एकटी रात्र मला जास्त दुःखाची वाटते.

२६ मार्च १८२८ रोजी, बेथोव्हेनच्या पहिल्या पुण्यतिथीला, केवळ स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम त्याने केला. आयुष्यातला असा हा एकच. सभागृह भरले, पैसेही बरे मिळाले. पण तीनच दिवसांनी इटलीचा प्रख्यात व्हायोलिनवादक पागानिनी याचा व्हिएन्नातील पहिला कार्यक्रम झाला आणि वर्तमानपत्रांना दुसरे काही सुचेना. शूबर्टला मुळीच कोणी विचारले नाही, तो उपाशी मेला, अशी जी समजूत आहे ती मात्र बरोबर नाही. त्याची शंभराहून अधिक गीते हयातीत छापली गेली होती आणि व्हिएन्नात त्याचे नाव होते. १९१६ साली त्याच्यावर एक लोकप्रिय संगीतिका आली. तिने भोळा, प्रेमात फसलेला, कफल्लक शूबर्ट घरोघर पोहोचविला. खरा मनुष्य त्याहून पुष्कळ कणखर असावा. नाहीतर शेवटच्या वर्षी इतके काम झालेच नसते. तंतुवाद्यांचे पंचक, तीन पियानो सोनाटा, हायने आणि रेलश्टाब यांच्या कवितांवरील गीते, हे सगळे १८२८ चेच. आणि नोव्हेंबरच्या आरंभी, अंगात ताप असताना, हा मनुष्य झेख्टर नावाच्या शिक्षकाकडे रचनाशास्त्राचा पहिला पाठ घ्यायला गेला! दुसऱ्या पाठाला तो जाऊ शकला नाही.

शेवटचे दिवस त्याने भाऊ फेर्डिनांड याच्या नव्या बिऱ्हाडात काढले. अंथरुणावर पडून तो ‘हिवाळी प्रवासा’च्या उत्तरार्धाची मुद्रिते तपासत होता. १९ नोव्हेंबर १८२८ रोजी तो वारला. वय एकतीस. त्याची इच्छा समजून फेर्डिनांडने बेथोव्हेनच्या कबरीजवळ त्याला जागा मिळवून दिली.

सरकारी रिवाजाप्रमाणे त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंची यादी झाली. कोट, विजारी, वास्कुटे, एक टोपी, बूट, मोजे, एक गादी, एक पांघरूण आणि थोडे जुने संगीत. सर्वांची मिळून किंमत ६३ गिल्डर, त्यात संगीताचे १०. आजारपण आणि अंत्यविधी यांचा खर्च यापेक्षा अधिक झाला, तो वडिलांनी व भावाने केला. कबरीवरचा लेख ग्रिलपार्झर या नाटककाराने लिहिला. त्यात जे मिळाले त्यापेक्षा जे मिळायचे राहिले त्याचीच खंत अधिक आहे. पुढे पुष्कळांना तो लेख खटकला आणि ते योग्यच होते. कारण मिळायचे राहिले असे ज्याला म्हटले, त्यातले कितीतरी लिहून तयार होते, ते भावाच्या घरी आणि मित्रांच्या कपाटांत पडून होते.

ते बाहेर यायला चाळीस वर्षे लागली. गटेने १८३० साली एका गायिकेच्या तोंडून ‘एर्लक्योनिग’ ऐकले आणि त्याला ते पटले. शूबर्टला जाऊन दीड वर्ष झाले होते. १८३९ च्या आरंभी रॉबर्ट शूमान फेर्डिनांडच्या घरी गेला, तेव्हा हस्तलिखितांच्या ढिगात त्याला एक भली मोठी सिम्फनी सापडली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेंडेल्सझोनने ती लाइपझिगला वाजविली. दोन भागांची अपुरी सिम्फनी एका मित्राजवळ ग्राट्झमध्ये पडून होती, ती १८६५ साली प्रथम ऐकू आली. १८६७ मध्ये जॉर्ज ग्रोव्ह आणि आर्थर सलिव्हन हे दोन इंग्रज व्हिएन्नात आले. एका कपाटाच्या तळाशी धुळीने काळे पडलेले गठ्ठे त्यांना सापडले. रात्री दोन वाजेपर्यंत बसून त्यांनी नकला उतरवून घेतल्या. काम संपल्यावर त्या विद्वानांना एवढा आनंद झाला की, त्यांनी खोलीतच एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारण्याचा पोरखेळ केला. अखेर १९५१ साली ओटो एरिख डॉइच याने त्याच्या सर्व रचनांची कालक्रमवार सूची प्रसिद्ध केली. तिच्यात जवळजवळ एक हजार नोंदी आहेत, त्यांतली सहाशेहून अधिक गीते.

२०१४ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील गीतमहोत्सवात ही सारी गीते एकापाठोपाठ गायिली गेली. सकाळ-दुपार-संध्याकाळ कार्यक्रम करूनही त्याला तीन आठवडे लागले. व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी १९७८ मध्ये शूबर्टच्या नावाने एक शिक्षणक्रम सुरू झाला. तेथे देशोदेशींचे तरुण गायक आणि पियानोवादक जोडीने शिकू लागले. ही शाळा काढणारा डीन लार्सन हा साहित्याचा अभ्यासक होता. तेथे सुरांइतकीच मेहनत कवितेवर घेतात. कवितेचा अर्थ काय, ती कोण कोणाला म्हणते आहे, कोठला शब्द जड आहे, हे आधी कळावे लागते.